आमचे व्याही वाटपाडे

बहुतेक माणसं आडनाव लावतात. आमचे व्याही आडनावात राहतात. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं चांगलं दुमजली घर आहे, खाली ठिबकच्या नळ्या आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, पण ती जागा नुसती सामान ठेवायला आणि झोपायला. ते स्वतः राहतात 'वाटपाडे' या चार अक्षरांत. त्यांचं पाळण्यातलं नाव गावात क्वचितच कुणाला माहीत असेल. सोयरीक झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते नाव घेऊन शेजारच्या टपरीवाल्याला घर विचारलं, तर "असं कोणी ह्या गावात न्हाई" म्हणून त्यानं मला परतीच्या गाडीत बसवायची तयारी केली. मी वाटपाडे म्हटल्यावर म्हणाला, "मंग तसं सांगा ना. हे काय, तुमच्या पाठीमागं उभे हाईत."

आमची पहिली भेट मात्र जालन्यात, माझ्याच घरी, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. मुलाचे वडील म्हणून ते आले, पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि छाती अशी पुढं की टोपीच्या आधी तीच घरात आली. पोहे झाले. मुलगी आली, गेली. तिचं शिक्षण, उंची, स्वयंपाक यांतलं काहीही त्यांनी विचारलं नाही. मला विचारलं, "तुमचं आडनाव जाधवच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. दुखवट्याला आलेली माणसं ठेवतात तसा. "असू द्या. त्यात तुमचा काही दोष न्हाई. पण बाजारात जाधव म्हणून हाक मारली तर अर्धं जालना वळतं. वाटपाडे म्हणून मारा. फक्त मी वळतो."

मग स्वयंपाकघरात माझ्या बायकोनं मला कोपऱ्यात घेतलं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. 'वाटाड्या आणि वाटपाड्या यांतला अर्थभेद लिहा' हा प्रश्न मी किती परीक्षांत घातला असेल याचा हिशेब नाही, आणि उत्तरपत्रिका तपासताना मोठ्यानं वाचायची सवय असल्यामुळे तो बायकोलाही पाठ होता. वाट दाखवतो तो वाटाड्या, वाटेत लुटतो तो वाटपाड्या. "पोरगी दरोडेखोराच्या घरात द्यायची का?" ती म्हणाली. मी तिला समजावलं की मुलगा पुण्यात चांगल्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि ठिबकच्या नळ्या विकून अजून कोणी दरोडा घातल्याचं ऐकिवात नाही. आमची कुजबुज बाहेर गेली असावी, किंवा हा प्रश्न त्यांना सगळीकडेच येत असावा. आम्ही बाहेर येताच व्याही आपण होऊन म्हणाले, "वाटपाड्या वेगळा, वाटपाडे वेगळे. पाड्या म्हटलं की झाला चोर. पाडे म्हणजे आदरार्थी." माझ्या इतक्या वर्षांच्या व्याकरणात हे बसत नव्हतं, पण मुलगी पसंत पडली होती, म्हणून मी व्याकरण बाजूला ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी अंबडकडचा हा सगळा मुलूख म्हणजे नुसता बाभळीचा आणि काट्यांचा. माणूस आत शिरला की बाहेर निघायचा नाही. अशा रानातून पहिली वाट पाडली ती त्यांच्या मूळपुरुषानं. एकट्यानं, एका कुऱ्हाडीनं. म्हणून वाटपाडे. या पहिल्या वाटेची पुढं गाडीवाट झाली, गाडीवाटेची सडक झाली, सडकेचा हायवे झाला, तेव्हा हायवेची सुरुवात कुठून, तर त्यांच्या घरातून. ही गोष्ट ते गिऱ्हाइकाला नळी मोजून देताना सांगत आणि मूळपुरुषानं कुऱ्हाड उगारली की मोजणं थांबे. टोलनाक्यावर तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच. एकदा आम्ही लग्नाला निघालो होतो. काचेतून डोकं बाहेर काढून ते तिथल्या मुलाला म्हणाले, "वाट आमच्या आज्यानं पाडली आणि खर्चा बी आमच्याकडूनच घेऊन राह्यले का?" मागं गाड्यांची रांग लागली. तो मुलगा बिचारा बिहारकडचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिटर्न भी चाहिए क्या?"

दुकानाच्या पाटीवर त्यांनी आडनाव एवढं मोठं रंगवून घेतलं की दुकानात काय मिळतं हे लिहायला जागाच उरली नाही. पेंटरनं विचारलं होतं म्हणे, की खाली बारीक अक्षरांत ठिबक, पाइप वगैरे लिहू का. व्याही म्हणाले, "नळ्या काय, कुठं बी मिळतात." परिणाम असा झाला की नवख्या प्रवाशांना ते गावाचं नाव वाटे. एका म्हाताऱ्या जोडप्याला वडीगोद्रीत उतरायचं होतं, त्यांनी पाटी वाचली, हे वाटपाडे दिसतंय, आपलं अजून पुढं असेल, म्हणून ते थेट पुढच्या गावी गेले. कंडक्टरनं येऊन तक्रार केली. व्याह्यांना वाईट वाटायच्या ऐवजी त्यांनी कंडक्टरला चहा पाजला.

आजारपणातही हा माणूस आडनावावरून हटला नाही. छातीत दुखतं म्हणून त्यांना आम्ही जालन्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा नर्सनं पलंगाच्या कागदावर 'वाटपाटे' लिहिलं. डॉक्टर इंजेक्शन घेऊन उभे, सूनबाई रडकुंडीला आलेली आणि हे दंड काही पुढं करेनात. "हे इंजेक्शन वाटपाटेचं हाय. त्याला नेऊन द्या. कोण हाय तो, मला माहीत न्हाई." नर्सनं कागद बदलला तेव्हा कुठं बाही वर गेली. नंतर कळलं, छातीत दुखायचं कारण साधं पित्त होतं, आणि ते त्या कागदामुळेच वाढलं असं त्यांचं अजून मत आहे.

असा हा आनंदाचा कारभार चालला असताना संकट आलं ते पुण्याहून, घरच्याच माणसाकडून. आमच्या जावयांच्या कंपनीत मराठी न कळणारी मंडळी बरीच. इंग्रजीत लिहिलेलं आडनाव ती 'व्हॅट पेड' असं वाचत. हिशेब विभागातले लोक त्यांना पाहिलं की "जीएसटी बाकी आहे का?" म्हणून विचारत. ते त्यांनी सोसलं. पण माझी नात दुसरीत गेली आणि एका तासाला बाईंनी माझाच तो लाडका प्रश्न फळ्यावर लिहिला. वाटाड्या आणि वाटपाड्या. सगळा वर्ग वळून हिच्याकडे बघायला लागला. पोरगी रडत घरी आली आणि जेवली नाही. त्या दिवशी जावयांनी ठरवलं, आडनाव बदलायचं. आणि बदलून काय घ्यायचं, तर जाधव. माझ्या मुलीनं लग्नानंतर कागदपत्रं बदलली नव्हती, तेव्हा घरातल्या एकीचं तरी आधीच तयार आहे, असा इंजिनिअरला शोभेल असा त्यांचा विचार.

ही बातमी मला मुलीनं फोनवर सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं व्याही दारात. टोपी हातात होती. त्यांना बिनटोपीचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चहा पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. "इवाई," ते म्हणाले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. "पोरगं पुण्याला गेलं, मी काही बोललो न्हाई. आता गावातले लोक म्हणून राह्यले, शेटचं पोरगं घरजावई झालं. त्याचं बी काही न्हाई. पण त्याला मी इचारलं, बाबा, आपण लुटारू न्हाई हे पटलं तर ठेवशील का नाव? तर म्हणतो, पुरावा आणा." मग थोडं थांबून म्हणाले, "मला तुमच्या नावाचा राग न्हाई. पण लई जणांचं हाय ते. एक कमी झाला तर कोणाला कळणार न्हाई. आमच्यातला एक गेला की मी एकटा राहतो." माझ्याच आडनावावर मी अपराध्यासारखा बसलो होतो.

पुराव्याच्या शोधात व्याह्यांनी कुणाला सोडलं नाही. मोबाईलवर शोधून शोधून कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यात एक वाटपाडे सापडले. व्याह्यांनी त्यांना आनंदानं फोन लावला, 'भाऊ' म्हणून हाक मारली, घरच्यांची खुशाली विचारली, मूळपुरुषाची कुऱ्हाड निम्मी चालवून झाली, तेव्हा पलीकडून कळलं की ते वाणपाडे आहेत आणि टाइप करणाऱ्यानं चूक केली आहे. व्याही त्यांना म्हणाले, "चूक झालीच हाय तर तशीच ठेवता का?" त्यांनी फोन ठेवला. आष्टीच्या बाजारात एक जुने जाणते गृहस्थ बसतात असं कळलं, तर तिथं जाऊन त्यांनी दिवस घालवला. त्या गृहस्थांना ऐकू येत नव्हतं. ते प्रत्येक प्रश्नाला हसून मान डोलावत, म्हणून व्याही खूश होऊन आले, पण जावयांना हा पुरावा पटला नाही.

खरं काय ते सापडलं रस्त्यातच, आणि वाजतगाजत. जालन्यात माझ्या एका पुतण्याचं लग्न होतं. वरात चालली होती, नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं नाचताहेत, त्यापुढं बँड. मी आणि व्याही कडेनं चालत होतो. एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं. मोठ्या ढोलाच्या चामड्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'वाटपाडे ब्रास बँड, मस्तगड'. मी काही म्हणायच्या आत ते नाचणाऱ्या पोरांमधून घुसले आणि वरातीच्या पुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले. बँड थांबला. नाच थांबला. घोडा मात्र लगेच थांबला नाही, त्यामुळे नवरदेवाचे मामा थोडे रागावले. क्लॅरिनेट वाजवणारा म्हातारा, लाल कोटाला सोनेरी पट्टे, पांढरी दाढी, क्लॅरिनेट तोंडाजवळून खाली घेऊन बघत राहिला.

"वाटपाडे कोण?" व्याह्यांनी विचारलं.

"मैं हूँ ना. काय झालं भाऊ?"

"कवापासून?"

म्हातारा गोंधळला. "पैदा हुआ तबसे."

व्याह्यांनी त्याला मिठी मारली. सोनेरी पट्ट्यांत टोपी अडकली. ती सोडवायला वेळ लागला, तोवर व्याही "मी बी वाटपाडे, मी बी वाटपाडे" एवढंच म्हणत होते. नवरदेवाच्या मामांना वाटलं, हा बहुतेक बँडवाल्यांच्या भाऊबंदकीचा मामला आहे. तसं पाहिलं तर ते चुकले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं जालन्यातल्याच मस्तगडला बँडमास्तरांच्या घरी गेलो. दुकानं संपून घरं सुरू होतात तिथं एका बोळात त्यांचं घर, ओसरीवर उन्हात वाळत घातलेले लाल कोट. आतल्या खोलीत त्यांच्या अम्मा पलंगावर बसल्या होत्या, नव्वदीच्या आसपासच्या, पण नजर तल्लख. बँडमास्तर म्हणाले, "आडनावाचं काय असंल ते अम्माला ठाऊक. मला फक्त वाजवायचं ठाऊक." व्याह्यांनी अम्मांना वाकून सलाम केला आणि आपली गोष्ट सुरू केली. बाभळी, काटे, एकटा मूळपुरुष, कुऱ्हाड. अम्मा शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग दात नसलेल्या तोंडानं हसल्या.

"रस्ता कौन बनाता बेटा? रस्ता था, तभी तो लूटते थे."

व्याह्यांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. अम्मांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी आपल्या सासूकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. अंबडच्या वाटेवर दोन भाऊ होते. सगे की मानलेले, अल्लाला माहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला लुटत. एकदा त्यांनी एक वरात लुटली. वरातवाल्यांकडे होतं काय, नवरदेवाचे कपडे सुद्धा मागून आणलेले. वाटणीत एका भावाला मिळाला ढोल आणि एकाला नवरदेवाचा घोडा. घोडेवाला त्याच घोड्यावर बसून पळून गेला, त्यानं वळूनही पाहिलं नाही. ढोलवाला राहिला तिथंच. "ढोल लेके कैसे भागता? आवाज होता ना," अम्मा म्हणाल्या. मग पोटासाठी तो ढोल वाजवायला शिकला.

"आणि घोडेवाला?" व्याह्यांनी हळूच विचारलं.

अम्मांनी त्यांना टोपीपासून पायापर्यंत बघून घेतलं. "तू आया ना इतने दिन बाद. चाय पी."

परत माझ्या घरी आलो. व्याही जिना चढता चढता थांबले. "इवाई, तुम्ही मराठीचे मास्तर. तुम्हाला ठाऊक होतं ना?" मी म्हणालो, "शब्द ठाऊक होता. माणूस वेगळा निघाला, म्हणून बोललो नाही." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ही गोष्ट ते पोटात ठेवतील. घरात तिसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. बँडमास्तर काही पुण्याला जाऊन सांगणार नव्हते आणि मी तर नव्हतोच. फारतर त्या बहिऱ्या गृहस्थांना पुढं करून पुरावा मिळाला म्हणाले असते, तरी मी गप्प बसलो असतो.

पण त्यांनी काय केलं, तर पुढच्या बाजारच्या दिवशी दुकानाबाहेर खुर्ची टाकली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, की मी आजवर जे सांगून राह्यलो ते चूक होतं, वाट आम्ही पाडली न्हाई, आम्ही वाटेवर लोकाला लुटलं, आणि भावाला सोडून घोडा घेऊन पळालो. एक मेंढरंवाले म्हातारे, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, हे ऐकून म्हणाले, "शेट, लुटायचं तर आम्हाला ल्हानपणापासून ठाऊक हाय. घोड्याचं तेवढं नवं."

"मंग कोणी बोललं का न्हाई मला?"

"तुम्ही इतकं खुशीनं सांगून राह्यलते. मधी कोण बोलन?"

हे मला व्याह्यांनी स्वतः फोनवर सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज इतका हलला की मला वाटलं लाइन खराब आहे. सारं गाव, इतकी वर्षं, नळी मोजता मोजता त्यांची कुऱ्हाड ऐकत उभं राहिलं होतं.

मुलालाही त्यांनी तसंच सरळ सांगितलं. दिवाळीला सगळे वडीगोद्रीत जमले होते, आम्हीही गेलो होतो. व्याही म्हणाले, "पुरावा मिळाला. आपण लुटारूच. नाव तुझं हाय, तू बघ." जावई काही बोलायच्या आत माझी नात आजोबांच्या मांडीवर चढली. तिला ती वरात पहिल्यापासून हवी होती. नवरदेव रडला का, घोड्याचं नाव काय, तो काय खायचा. तिनं ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली आणि सुट्टी संपल्यावर शाळेत जाऊन सगळ्या वर्गाला सांगितली. आता वर्गातली पोरं तिच्या घरी येऊन विचारतात, आमच्या आडनावात काय आहे. ज्या रडण्यासाठी हा खटाटोप झाला ते रडणं असं संपलं. पण सरकारी काम वेळेवर होत नाही असं आपण म्हणतो, आणि नेमकं हेच वेळेवर झालं होतं. जावयांनी पहिल्याच दिवशी अर्ज करून ठेवला होता, नवं नाव राजपत्रात छापून आलं होतं. आमचे जावई जाधव झाले होते.

व्याह्यांनी त्याबद्दल मला किंवा मुलाला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त सूनबाईला एकदा म्हणाले, "त्याला आता हाक मारू तर कशी, असं होतं मला." त्यांच्या मस्तगडच्या फेऱ्या मात्र वाढल्या. जालन्याला आले की आधी बँडमास्तरांकडे, मग आमच्याकडे. अम्मांसाठी गूळ, बँडमास्तरांसाठी मोटारीच्या तेलाचा रिकामा डबा, कशालाही उपयोगी. ईदला शीरखुर्मा खाऊन आले की आमच्याकडे रात्रीचं जेवायला पोटात जागा नसे आणि माझी बायको रुसे.

या हिवाळ्यात बँडमास्तरांच्या नातीचं लग्न झालं. शादीखान्यात आम्हा सगळ्यांना आमंत्रण होतं. पुण्याहून जावई, मुलगी, नात आली होती. गर्दी, अत्तराचा वास, बिर्याणीच्या पंक्ती, आणि त्या दिवशी बँडमास्तर स्वतः बिनवाजवता फिरत होते, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. मांडवात आम्ही सगळे एका रांगेत खुर्च्यांवर बसलो होतो. नवरी स्टेजवर आली. फोटोग्राफरनं माइक घेतला आणि म्हणाला, "दुल्हन के घरवाले, वाटपाडे खानदान, सब ऊपर आ जाओ, फोटो होता."

व्याही उठले. धोतर झटकलं, टोपी नीट केली. माझी नात त्यांच्या आधीच पायऱ्यांपाशी पोचली होती. माझी मुलगी उठली. जावई खुर्चीत बसून राहिले, मोबाईल हातात घेऊन, त्यात काही नसताना बघत. व्याही पायरीवर पाय ठेवून मागं वळले. त्यांनी हाक मारली नाही. नुसते उभे राहिले. स्टेजवर बँडमास्तरांनी आपल्या शेजारी थोडं सरकून जागा केली आणि फोटोग्राफर पुन्हा म्हणाला, "और कोई रह गया क्या?"

जावई उठले. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत गेले आणि अगदी कडेला जाऊन उभे राहिले. व्याह्यांनी हात लांब करून त्यांना आत ओढलं. फोटोग्राफरनं सगळ्यांना हसायला सांगितलं. बाकी सगळे आधीच हसत होते, व्याहीच तेवढे बराच वेळ हसू शकले नाहीत, म्हणून फोटो दोनदा काढावा लागला.

खाली त्या लांब रांगेत मी आणि माझी बायको, दोघंच राहिलो होतो. तिनं पदर सावरला, स्टेजकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "आपण पण गेलो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं."